काडीकिड्याचे वर्गीकरण: नेमका कोणता अवयव प्रमाण मानावा?

टिपणवही, गोरेवाडा (विचारणा)

सर्वांना नमस्कार. मी नागपुरातील एका शाळेत जीवशास्त्र शिकवतो आणि आमच्या निसर्ग मंडळासाठी परिसरातील कीटकांचे माहितीफलक तयार करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. सेमिनरी हिल्स आणि गोरेवाडा या भागांत विद्यार्थ्यांनी टिपलेल्या छायाचित्रांमध्ये काडीकिड्याचे दोन प्रकार आढळले आहेत. पहिला हिरवा, अतिशय सडपातळ आणि पूर्णपणे पंखहीन असून तो बोरीच्या झुडपावर होता. दुसरा तपकिरी असून त्याच्या पाठीवर खवल्याएवढे पुढचे पंख आणि त्यांच्याखालून निघून उदराच्या मध्यापलीकडे पोहोचलेले मागचे पंख स्पष्ट दिसतात.

अडचण नावाची आहे. माझ्याजवळच्या एका जुन्या पाठ्यपुस्तकात या कीटकांचे दोन मोठे गट सांगितले आहेत आणि ते नडगीच्या टोकाशी खालच्या बाजूस त्रिकोणी खळगा आहे की नाही, एवढ्याच लक्षणावर उभे आहेत. अलीकडे वाचलेल्या एका लेखात मात्र या खळग्याचा उल्लेखही नाही. तिथे जुन्या जगातील (आशिया, आफ्रिका, युरोप इत्यादी) आणि नव्या जगातील (उत्तर व दक्षिण अमेरिका) काडीकिडे अशी विभागणी केलेली आहे. कुलांची नावेही दोन्हींकडे जुळत नाहीत. उष्ण कटिबंधातील या कीटकांच्या तीन हजारांहून अधिक जातींचे वर्णन झालेले असताना मूळ विभागणीतच एवढा फरक का असावा, हे मला समजलेले नाही. विद्यार्थ्यांना कीटकाचा नेमका कोणता अवयव पाहण्यास सांगावे आणि फलकावर कोणते वर्गीकरण छापावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.


निवृत्त प्राध्यापक, धरमपेठ

नमस्कार सर. आपण दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. वर्गीकरणाबद्दल माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहिणारे येथे आहेत, म्हणून मी शरीररचनेपुरते लिहितो.

विद्यार्थ्यांना सर्वप्रथम वक्ष पाहण्यास सांगावे. रंग, जाडी, अंगावरचे काटे किंवा शेवाळासारखे दिसणारे उंचवटे यांकडे प्रारंभी लक्षच देऊ नये, कारण ही सारी वेषांतराची सामग्री आहे आणि नात्यागोत्याशी तिचा संबंध फार विश्वासार्ह नसतो. कीटकाच्या वक्षाचे अग्रवक्ष, मध्यवक्ष आणि पश्चवक्ष असे तीन खंड असतात आणि प्रत्येकाला पायांची एक जोडी असते. काडीकिड्यात अग्रवक्ष आखूड राहतो आणि मध्यवक्ष व पश्चवक्ष कमालीचे लांबतात. त्यामुळे पायांची पहिली जोडी डोक्याला जवळजवळ चिकटून निघालेली दिसते आणि दुसरी जोडी तिच्यापासून बरीच मागे असते. आपल्याकडे ज्याच्याशी याची नेहमी गल्लत होते त्या प्रार्थनाकीटकात याच्या नेमके उलट असते: लांब मानेसारखा भासणारा भाग हा त्याचा अग्रवक्षच असतो आणि शिकार पकडणारे पुढचे पाय त्या खंडाला जोडलेले असतात. अंबाझरी किंवा फुटाळ्याच्या काठाला सापडणारा काडीसारखा पाणढेकूण तर या दोहोंपैकी कोणीच नव्हे. त्याला टोचणारी सोंड असते आणि शरीराच्या मागच्या टोकाशी श्वसनासाठी लांब नळी असते. काडीकिड्याचे मुखावयव मात्र चावून पाने खाण्याजोगे असतात.

यानंतर पश्चवक्ष आणि उदर यांचा सांधा पाहावा. बहुतेक सर्व काडीकिड्यांमध्ये उदराचा पहिला खंड पश्चवक्षाशी पाठीच्या बाजूने इतका एकजीव झालेला असतो की, तो उदराचा भाग आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. त्याला मध्यखंड म्हणतात. पंख असलेल्या जातींत हा मध्यखंड बऱ्याचदा चांगलाच लांब असतो. उदराची लांबी मोजताना विद्यार्थी हमखास दुसऱ्या खंडापासून सुरुवात करतात, म्हणून ही सूचना आधीच द्यावी.

पुढच्या पायांची मांडी बुडाशी आतल्या बाजूने वाकलेली असते. कीटक पाय सरळ पुढे ताणून निश्चल झाला की त्या पोकळीत डोके नीट बसते आणि डोके, पाय व शृंगिका (डोक्यावरच्या लांब मिशा) यांची मिळून एकच अखंड रेषा तयार होते. वेषांतराचे सर्वात कुशल काम मला इथे दिसते. अंगावरच्या काट्यांची तारीफ सगळेच करतात, पण या बाकाकडे फारसे कोणी पाहत नाही. अग्रवक्षाच्या पुढच्या दोन कोपऱ्यांशी संरक्षक ग्रंथींची तोंडे उघडतात. अनेक जातींत त्यांतून विशेष काही बाहेर पडताना जाणवत नाही. परंतु अमेरिकेच्या दक्षिण भागातील ॲनिसोमॉर्फा या प्रजातीतील (प्रजाती म्हणजे निकटच्या जातींचा गट) कीटक त्यांतून डोळ्यांना तीव्र दाह करणारा द्रव नेम धरून फवारतात.

पायाच्या पाऊलभागाला, म्हणजे टार्ससला, पाच पेरे असतात. पेरांच्या खालच्या बाजूस गाद्या असतात आणि दोन नखांच्या मध्ये आणखी एक गादी असते. या दोन प्रकारच्या गाद्यांची कामे निराळी आहेत: पाय पृष्ठभागावर दाबला जात असेल तेव्हा पेरांखालच्या गाद्या घर्षणाने आधार देतात आणि पाय पृष्ठभागापासून ओढला जाऊ लागला की नखांमधील गादी चिकटून धरते. पानाच्या वर उभा असलेला आणि पानाच्या खाली लटकलेला कीटक म्हणूनच एकाच पायाचे वेगवेगळे भाग वापरत असतो.

मादीच्या उदराच्या आठव्या खंडाखाली होडीसारखी लांबट पट्टिका असते आणि बाहेर पडणारे अंडे क्षणभर तीत थांबते. काही जातींत ती चोचीसारखी टोकदार बनलेली असते. अशी मादी अंडी नुसती खाली न टाकता मातीत खुपसते, हे पट्टिकेच्या आकारावरूनच ओळखता येते. नराच्या दहाव्या खंडाखाली एक लहान कठीण अवयव असतो, त्याला व्होमर म्हणतात आणि मीलनाच्या वेळी मादीला पकडून ठेवण्यासाठी त्याचा उपयोग होतो. जातीपर्यंत पोहोचायचे असेल तर शेवटच्या या दोन-तीन खंडांची स्पष्ट छायाचित्रे हवीतच. दुर्दैवाने बहुतेक छायाचित्रांत डोळे छान टिपलेले असतात आणि शेपटाकडचा भाग धूसर असतो.

एक राहिले. 'जगातील सर्वात लांब कीटक' असे फलकावर लिहिणार असाल, तर लांबी कशी मोजली हेही लिहावे. चीनमधील फ्रिगॅनिस्ट्रिया चायनेन्सिस या काडीकिड्याची ६४ सेंटिमीटर ही विक्रमी लांबी ताणलेल्या पायांसह आहे. बोर्निओतील फोबीटिकस चानी या जातीची पायांसह लांबी ५६.७ सेंटिमीटर, तर केवळ शरीराची ३५.७ सेंटिमीटर भरते. दोन आकड्यांत एवढे अंतर असताना मोजण्याची पद्धत न सांगणे योग्य नव्हे.


सातपुडा

प्राध्यापक साहेबांनी रचना इतकी स्वच्छ मांडली आहे की वर्गीकरणाचा गुंता सांगणे सोपे झाले. टिपणवही सरांच्या जुन्या पुस्तकातील विभागणी चुकीच्या निरीक्षणावर आधारलेली नाही. खळगा खरोखरच असतो आणि भिंगातून तो दिसतोही. चूक आहे ती त्या खळग्यावरून काढलेल्या निष्कर्षात.

ब्रुनर फॉन वाटेनविल आणि रेडटेनबाखर या दोन अभ्यासकांनी १९०६ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केलेल्या मोठ्या ग्रंथात तोपर्यंत ज्ञात असलेल्या सर्व काडीकिड्यांची मांडणी केली आणि ती करताना नडगीच्या टोकाशी असलेल्या या त्रिकोणी खळग्याला मुख्य स्थान दिले. खळगा असलेले ते एका बाजूला आणि नसलेले ते दुसऱ्या बाजूला. पुढे १९५३ मध्ये ग्युंथर यांनी आणि १९७७ मध्ये ब्रॅडली व गॅलिल यांनी या मांडणीत फेरफार केले, तरी तो खळगा नाव शोधण्याच्या किल्लीच्या, म्हणजे लक्षणांच्या क्रमवार यादीच्या, पहिल्या पायरीवर टिकून राहिला. संग्रहालयातील टाचणीला टोचलेला, रंग उडालेला, कधी शृंगिका तुटलेला नमुना हाती असताना नडगीचे टोक तेवढे शाबूत असते, हे ध्यानात घेतले तर त्या काळच्या अभ्यासकांचा कल समजण्यासारखा आहे. नाव शोधण्याची किल्ली म्हणून ती आजही वाईट नाही.

परंतु किल्ली आणि वंशावळ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. डीएनएच्या आधारे नाती तपासली गेली तेव्हा खळगा असलेल्यांचा गट एकसंध राहिला नाही. युरोप आणि आफ्रिकेत असलेल्या बॅसिलिडी कुलात खळगा आहे, आग्नेय आशियातील जाडजूड, काटेरी हेटेरॉप्टेरिजिडी कुलात आहे आणि अमेरिकेतील स्यूडोफॅस्मॅटिडी कुलातही आहे. यांपैकी पहिली दोन कुले जुन्या जगातील शाखेत बसतात आणि तिसरे नव्या जगातील शाखेत. खळगा नसलेल्यांचीही हीच गत आहे: आपल्याकडील लोंकोडिडी एका शाखेत आणि अमेरिकेतील डायफेरोमेरिडी दुसऱ्या शाखेत. याचा सरळ अर्थ असा की खळगा ही पूर्वजांकडून आलेली चीज असावी आणि वेगवेगळ्या वंशांनी ती स्वतंत्रपणे गमावली असावी. केवळ त्यावरून गट पाडणे म्हणजे पोळ्याच्या दिवशी बैलांच्या रंगवलेल्या शिंगांवरून त्यांची वंशावळ ठरवण्यासारखे आहे.

सध्याची चौकट थोडक्यात अशी. या कीटकांचा गण फॅस्मॅटोडिया. त्यातून सर्वात आधी टिमेमा ही शाखा वेगळी निघते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात तिच्या सुमारे वीस जाती राहतात. त्या आखूड, बसक्या, पंखहीन असतात, त्यांच्या पाऊलभागाला पाचऐवजी तीनच पेरे असतात आणि उदराचा पहिला खंड पश्चवक्षाशी जुळलेला नसतो. उरलेले सारे काडीकिडे आणि पानकिडे मिळून यूफॅस्मॅटोडिया हा उपगण होतो. या दोहोंतील सीमारेषा पचनसंस्थेतही दिसते. पानांतील पेक्टिन फोडणाऱ्या विकरांची जनुके यूफॅस्मॅटोडियाच्या पूर्वजाला जीवाणूंकडून मिळाली, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. टिमेमात ती जनुके नाहीत. वर्गीकरणाच्या एखाद्या रेषेला पाय, उदर आणि आतडे अशा तीन ठिकाणांहून साक्ष मिळते, तेव्हा ती रेषा मला भरवशाची वाटते. नडगीच्या खळग्याला अशी दुसरी साक्ष कधीच मिळाली नाही.

जुन्या आणि नव्या जगाच्या ज्या विभागणीबद्दल सरांनी वाचले ती २०१९ मधील आहे. मोठ्या संख्येने जनुकांची तुलना करून यूफॅस्मॅटोडियातील बहुतांश कुलांच्या ओरिओफॅस्मॅटा (जुने जग) आणि ऑक्सिडोफॅस्मॅटा (नवे जग) अशा दोन शाखा मांडल्या गेल्या. आग्नेय आशियातील ॲस्किफॅस्मॅटिडी हे कुल या दोहोंच्या बाहेर, अधिक जुन्या फांदीवर राहते. गंमत अशी की या दोन शाखा डोळ्यांनी ओळखता येतील असे एकही ठळक बाह्य लक्षण अद्याप कोणाच्या हाती लागलेले नाही. ज्यांना निसर्गात हिंडून कीटक ओळखायचे आहेत त्यांच्या दृष्टीने हे थोडे निराशाजनकच आहे, पण नाती अशीच असतील तर त्याला इलाज नाही.

बाह्यरूप किती फसवते याचे सर्वात चांगले उदाहरण प्रशांत महासागरातील बेटांवर मिळते. ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाउ बेटावरील ड्रायोकोसेलस, न्यू गिनीतील युरिकॅन्था आणि न्यू कॅलेडोनियातील कॅनाकस हे सर्व जाडजूड, काळपट, पंखहीन आणि जमिनीलगत राहणारे काडीकिडे आहेत. त्यांना दीर्घकाळ एकाच कुळीचे मानले जात असे. २००९ मधील जनुकीय अभ्यासात ते एकमेकांचे निकटचे नातलग नसल्याचे दिसून आले. बेटावरच्या सारख्या राहणीने वेगवेगळ्या वंशांना सारखे शरीर दिले होते.


टिपणवही, गोरेवाडा

प्राध्यापक सर आणि सातपुडा, आपणा दोघांचे आभार. आपल्या सूचनेप्रमाणे पुन्हा निरीक्षण केले. हिरव्या कीटकाच्या शृंगिका अगदी आखूड असून पुढच्या पायाच्या मांडीच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाहीत. तपकिरी पंखधारी कीटकाच्या शृंगिका मात्र ताणलेल्या पुढच्या पायाची बरोबरी करतील एवढ्या लांब आहेत. भिंगातून पाहता दोघांच्याही नडगीच्या टोकाशी खळगा दिसला नाही.

एक गोष्ट मात्र बुचकळ्यात टाकणारी आहे. हिरव्या कीटकाच्या पाच पायांच्या पाऊलभागाला प्रत्येकी पाच पेरे आहेत, परंतु मधल्या जोडीतील उजव्या पायाला चारच पेरे आहेत आणि तो पाय इतरांपेक्षा किंचित आखूडही आहे. टिमेमात तीन, इतरांत पाच, मग या चार पेरांचा अर्थ काय लावावा?


निवृत्त प्राध्यापक, धरमपेठ

सर, हे निरीक्षण फार मोलाचे आहे आणि ते ज्या विद्यार्थ्याने केले असेल त्याचे माझ्यातर्फे अभिनंदन करावे. तो पाय नव्याने उगवलेला आहे.

शत्रूने पाय पकडला किंवा कात टाकताना पाय जुन्या कवचात अडकला, तर काडीकिडा तो पाय स्वतःच सोडून देतो. पाय वाटेल तेथून तुटत नाही. मांडीच्या बुडाशी, जेथे ती ट्रोकॅन्टर या लहान खंडाला जोडलेली असते, तेथेच तुटण्याची जागा ठरलेली असते. कीटक अजून वाढीच्या अवस्थेत असेल तर पुढच्या कातींबरोबर त्या जागी नवा पाय तयार होतो. प्रारंभी तो बारीक आणि वळलेला असतो, पुढे सरळ होतो, परंतु पूर्वीच्या पायाएवढी लांबी त्याला बहुधा येत नाही आणि पाऊलभागाला पाचऐवजी चार पेरे येतात. प्रौढ झाल्यावर कात टाकणे थांबते, त्यामुळे त्यानंतर गेलेला पाय परत येत नाही. म्हणजे आपल्या कीटकाने तो पाय बालपणीच केव्हातरी गमावला होता, एवढे त्या चार पेरांवरून निश्चित सांगता येते. वर्गीकरणाच्या दृष्टीने मात्र त्या पायाकडे दुर्लक्ष करावे आणि पेरे मोजताना सहाही पाय मोजण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी.


पेरूची फांदी, हिंगणा

मी घरी हौसेने काडीकिडे वाढवते, म्हणून अंड्यांबद्दल थोडे लिहिते. वरच्या चर्चेत मादीच्या पट्टिकेचा उल्लेख आला, पण अंडे स्वतःच ओळखीचा उत्तम पुरावा असते. माझे तर असे मत झाले आहे की, मादी हाती असताना तिच्याकडे तासभर पाहत बसण्यापेक्षा तिने रात्रीतून टाकलेली अंडी भिंगाखाली ठेवावीत.

काडीकिड्याचे अंडे बीसारखे दिसते आणि त्याचे कवच चांगलेच कठीण असते. एका टोकाला झाकण असते व पिल्लू तेच ढकलून बाहेर येते. कवचाच्या एका बाजूवर सूक्ष्मद्वाराभोवती (शुक्राणू आत शिरण्याच्या बारीक छिद्राभोवती) एक पट्टिका असते. तिचा आकार, लांबी आणि कवचावरची नक्षी जातीगणिक बदलते. शरीर पाहून वेगळ्या न करता येणाऱ्या जाती अंड्यांवरून वेगळ्या करता येतात, म्हणूनच या गणाच्या अभ्यासात नव्या जातीचे वर्णन करताना शक्य तेथे अंड्याचेही वर्णन देतात.

काही जातींच्या अंड्याच्या झाकणावर लहान बोंडासारखी गाठ असते. मुंग्या ती गाठ खाण्यासाठी अंडे वारुळात नेतात आणि उरलेले अंडे जमिनीखाली सुरक्षित राहते. ऑस्ट्रेलियातील एक्स्टॅटोसोमा टायरेटम या जातीत तर नुकते बाहेर आलेले पिल्लूही मुंगीसारखे दिसते आणि तशाच लगबगीने चालते. कोणी अंडी नुसती खाली सोडते, कोणी उदराच्या झटक्याने दूर फेकते, कोणी पानाला किंवा सालीला चिकटवते. ही रीत कुलाकुलांत वेगळी असल्यामुळे तीही टिपून ठेवावी. जपानमधील रॅम्युलस मिकाडो या जातीची अंडी बुलबुलाच्या पोटातून बाहेर पडल्यावरही त्यांतील काही उबली, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. हे शक्य होण्यामागे एक महत्त्वाचे कारण आहे: त्या जातीची मादी नराशिवायही अंडी घालते आणि पोटातील अंड्यांना फलनाची वाट पाहावी लागत नाही.

अनिषेकजननाचा, म्हणजे नराशिवाय होणाऱ्या प्रजननाचा, विषय निघालाच आहे तर सांगते. जगभरच्या प्रयोगशाळांत आणि शाळांत जो काडीकिडा वाढवला जातो, तो कॅरॉशियस मोरोसस, मूळचा तमिळनाडूतील पळणी डोंगररांगांतला आहे. त्याचे वर्णन १९०१ मध्ये झाले. प्रयोगशाळांतील जवळजवळ सगळे कीटक माद्याच असतात. हा आपल्याच देशातला कीटक, पण आपल्याकडच्या शाळांत तो क्वचितच कोणी पाहिलेला असतो, याची मला खंत वाटते.

सर, आपल्या विद्यार्थ्यांनी कीटक पाळायचाच ठरवला तर अंडी कोरड्या डबीत बंद करून ठेवू नयेत. नागपूरच्या उन्हाळ्यात ती वाळून जातात. किंचित ओलसर वाळूवर ठेवून आठवड्यातून काही वेळा हलका शिडकावा केला की पुरते. उबण्याचा काळ जातीनुसार काही आठवड्यांपासून वर्षाहूनही अधिक असू शकतो, त्यामुळे लवकर काही घडले नाही म्हणून फेकून देऊ नयेत.


उमरेड रस्ता

चर्चा वाचून 'दिसतं तसं नसतं' ही म्हण या किड्यावरूनच निघाली असावी असे वाटू लागले आहे. माझी एक शंका आहे. टिपणवही सरांच्या दोन कीटकांपैकी एकाला पंख आहेत आणि दुसऱ्याला नाहीत. एवढा ढळढळीत फरक असताना तपासणीची सुरुवात पंखांपासूनच का करू नये?


सातपुडा

शंका रास्त आहे, पण या गणात पंख हे सर्वात अवघड लक्षण आहे. निम्म्याहून अधिक जातींत पंख एकतर नाहीत किंवा खुरटलेले आहेत. एकाच जातीत नर पंखधारी आणि मादी पंखहीन असू शकते. शिवाय सर्वच जातींची पिल्ले पंखहीन असतात, त्यामुळे आपल्यासमोरचा पंखहीन कीटक प्रौढ आहे की अर्भकावस्थेतला, हे आधी ठरवावे लागते.

याहून खोल वाद इतिहासाचा आहे. व्हायटिंग, ब्रॅडलर आणि मॅक्सवेल यांनी २००३ मध्ये असा दावा केला की काडीकिड्यांच्या पूर्वजाचे पंख प्रथम नाहीसे झाले आणि पुढे काही वंशांत ते पुन्हा प्रकट झाले. एकदा गमावलेला गुंतागुंतीचा अवयव परत येत नाही, या रूढ समजुतीला हा धक्का होता आणि त्यावर लगेच हरकती घेतल्या गेल्या. पंख वारंवार गमावले गेले असे मानले तरी हेच चित्र तयार होऊ शकते, असे विरोधकांचे म्हणणे. त्यांतले गणित मूलतः एवढेच आहे की, पंख जाणे आणि पंख परत येणे या दोन घटनांना सारखेच संभाव्य मानायचे की दुसरीला कितीतरी दुर्मिळ मानायचे. गृहीतक बदलले की उत्तर बदलते. नंतरच्या अभ्यासांतही दोन्ही बाजू मांडल्या गेल्या आहेत. माझा कल परत येण्याच्या बाजूने आहे, कारण पंख बनवणारी जनुकीय यंत्रणा पाय बनवणाऱ्या यंत्रणेशी बरीच सामाईक असते आणि पाय तर कोणी गमावलेले नाहीत. पण हा माझा कल झाला, निर्णय नव्हे.

आता आपल्या दोन नमुन्यांकडे वळू. नडगीला खळगा नाही, पंख नाहीत आणि शृंगिका मांडीहून बऱ्याच आखूड आहेत, या तिन्ही गोष्टी एकत्र घेतल्या तर हिरवा कीटक फॅस्मॅटिडी कुलातील क्लिटम्निनी या उपकुलाकडे निर्देश करतो. रॅम्युलस ही प्रजाती याच उपकुलात येते आणि भारतात तिच्या अनेक जाती आहेत. तपकिरी कीटकाला खळगा नाही, शृंगिका फार लांब आहेत, पुढचे पंख खवल्याएवढे आणि मागचे मोठे आहेत, म्हणून तो लोंकोडिडी कुलातील नेक्रोसिनी या उपकुलाचा असावा. लोंकोडिडी हे कुल या स्वरूपात २०१८ नंतर रूढ झाले असल्यामुळे जुन्या याद्यांत हे कीटक दुसऱ्याच नावाखाली सापडतील. सरांना नावे जुळत नसल्याचे जाणवले त्याचे कारण हेच. जातीचे नाव मात्र छायाचित्रावरून कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.


टिपणवही, गोरेवाडा

फारच उपयुक्त माहिती मिळाली. फलकावर गण, उपगण, कुल आणि उपकुल एवढेच छापण्याचे आम्ही ठरवत आहोत. एक शेवटचे विचारतो. बोरीच्या त्याच झुडपावर विद्यार्थ्यांना त्याच दिवशी एक करड्या रंगाचा, हिरव्या कीटकाच्या निम्म्या जाडीचा आणि बराच लहान काडीकिडाही दिसला होता. त्याला वेगळा प्रकार धरून तिसरा फलक करावा का?


निवृत्त प्राध्यापक, धरमपेठ

इतक्यात करू नये. तो त्याच जातीचा नर असण्याची शक्यता बरीच आहे. या गणात नर आणि मादी यांच्यातील फरक एवढा असतो की अभ्यासकांनीही त्यांना निरनिराळी नावे दिलेली आहेत. न्यू गिनीतील पानकिड्यांचे ताजे उदाहरण पाहावे: काही लहान, सडपातळ नर नॅनोफायलियम या प्रजातीत नोंदलेले होते आणि काही मोठ्या, पसरट माद्या फायलियम या प्रजातीत. मॉन्ट्रियलच्या कीटकालयात फायलियममधल्या अशा एका जातीची अंडी उबवली गेली तेव्हा त्यांतून नॅनोफायलियमच्या वळणाचे नर निघाले आणि २०२० मध्ये दोन्ही एकाच प्रजातीत आणले गेले.

तेव्हा करड्या कीटकाच्या उदराचे टोक आधी पाहावे. आठव्या खंडाखाली होडीसारखी पट्टिका नसेल आणि शेवटचा भाग फुगीर असेल, तर तो नर समजावा. पट्टिका अर्धवट वाढलेली दिसली, तर ती वाढीच्या अवस्थेतील मादी असू शकते. मीलनावस्थेत दोघे एकत्र आढळले तर त्याहून चांगला पुरावा नाही, कारण जोडी दीर्घकाळ एकत्र राहते आणि छायाचित्र काढण्यास भरपूर वेळ मिळतो. वनक्षेत्रातून नमुने उचलून आणण्यास वनविभागाची परवानगी लागते, म्हणून तूर्त छायाचित्रांवरच भर द्यावा: वरून संपूर्ण शरीर, बाजूने उदराची शेवटची तीन खंडे, एका नडगीचे टोक खालच्या बाजूने आणि शेजारी मोजपट्टी. पंखधारी कीटकाच्या मध्यखंडाचेही एक छायाचित्र मिळाले तर येथे अवश्य टाकावे, म्हणजे नेक्रोसिनीबद्दल सातपुडा यांनी वर्तवलेला अंदाज तपासून पाहता येईल.